विहिरीचा पुरावा

आमच्या आबांचं आणि गुरुजींचं भांडण झालं ते शेतावरून नाही, पैशावरून नाही, कुणाच्या लग्नातल्या मानपानावरून तर नाहीच नाही. ते झालं गाझावरून. साताऱ्यात, वाचनालयाच्या बाहेरच्या कट्ट्यावर, सकाळचा पेपर वाचता वाचता. आईनं ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. म्हणाली, "तुझ्या आबास्नी जवळचं भांडण कवा पुरलंय? मिलिटरीचा गडी, जाईल तर समुद्राच्या पल्याडच जाईल."

आबा म्हणजे माझे वडील. हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यालाही आता जमाना झाला. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू खाल्ली. आता उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, बाकी सगळा धूर. गुरुजी त्यांचे दोस्त. शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. मूळ घर कवठे महांकाळकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. नोकरीला म्हणून साताऱ्यात आले आणि इथंच मुरले. रोज सकाळी गुरुजी आमच्या फाटकाशी येऊन ओरडणार, "हवालदार, परेड!" की आबा काठी घेऊन तयार. गुरुजींनी कोपर धरायचं आणि दोघांनी वाचनालयाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. आत मोठ्यानं वाचायला बंदी, म्हणून कट्टा. गुरुजी वाचणार, आबा ऐकणार.

वाचणार म्हणजे कसं? पहिल्या पानाच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळाच्या पत्त्यापर्यंत. आबांची अटच होती, "वगळायचं न्हाई." निधनवार्ता, बाजारभाव, नगरपालिकेची निविदा सूचना, हरवले आहेत, वधू पाहिजे, सगळं. आणि प्रत्येक बातमीनंतर वाद. कांद्याच्या भावावरून वाद, क्रिकेटवरून वाद, वधू पाहिजेच्या जाहिरातीत मुलाची उंची खोटी लिहिली आहे का यावरूनसुद्धा वाद. त्या वादावरच दोघं जगत होते म्हणा ना. मला तर त्यांचं कौतुकच वाटायचं. एवढ्या वयात एवढा दम कुणात असतो हो?

मग ती लढाई सुरू झाली. आधी गाझाच्या हद्दीपलीकडच्या इस्रायली वस्त्यांवर हल्ला झाला, माणसं मारली, बायकापोरांना धरून नेलं, मग अलीकडं गाझावर बॉम्ब पडायला लागले. पेपरात रोज तेच. गुरुजी वाचताना मध्येच थांबायचे, आबा नुसते "हूं" म्हणायचे. त्या दिवशी गुरुजींनी पेपर संपल्यावर मोबाईल काढला आणि कुणीतरी पाठवलेला मेसेज वाचून दाखवला. तिथं पूर्वी काहीच नव्हतं, नुसती वाळू, माणूस नाही, झाड नाही, विहीर नाही, असं कायसं होतं त्यात.

आबा ताठ झाले. "कोण म्हणतं? म्या हुतो की तितं!"

खरंच होते. पोरसवदा शिपाई असताना, निळी टोपी घालून शांतिसेनेत, गाझात. हद्दीवर, म्हणजे खणलेल्या लांबलचक चरीवर, गस्त घालायला. आम्ही लहानपणी ते ऐकतच वाढलो. गावाबाहेरचा रस्ता, वळणावरची विहीर, विहिरीपाठी संत्र्याची बाग, आणि विहिरीवरची एक म्हातारी. ती यांना पाणी द्यायची आणि यांच्या मिशीला हसायची. आबांनी ते सगळं कट्ट्यावर सांगितलं. सांगता सांगता चढत गेले आणि म्हणाले, "आन् ते पल्याडचं लोक काल आलं. त्यांचं तितं काय बी न्हवतं."

झालं. गुरुजींच्या आतला मास्तर जागा झाला. गुरुजी शुद्ध बोलायला लागले की समजावं, राग आलाय. "हवालदार, हजारो वर्षांचा इतिहास आहे त्यांचा तिथं. आणि तुमच्या विहिरीचं म्हणाल, तर तुम्ही पाहिलं हा काही पुरावा होत नाही. छापलेलं दाखवा. उमेदीतली गोष्ट, त्यात आता डोळे नाहीत. माणसाला काहीही आठवतं."

आबा उठले. एकटेच. काठीनं चाचपडत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात घरी आले. नडगी सोलली होती. आई हळद लावायला बसली तर तिचा हात झटकला आणि एवढंच म्हणाले, "त्यानं माझं उरल्यालं डोळं काढलं."

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी कुणी ओरडलं नाही. आबा मात्र रोजच्या वेळेला धुतलेला सदरा घालून, टोपी चढवून, काठी घेऊन दाराशी खुर्चीत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, उन्हाला बसलोय. ऊन तर परसात असायचं. मी कॉलेजला निघण्याआधी त्यांना पेपर वाचून दाखवायला लागले, तर त्यातही खोट. "लय भराभरा वाचतीस. आन् भांडत न्हाईस." मी म्हटलं, "भांडायला मला वेळ नाही." म्हणाले, "मग वाचतीस कशाला?"

आणि गुरुजी? मी स्कूटरवरून जाताना बघायची. ते कट्ट्यावर एकटे. पेपर मांडीवर, घडीसुद्धा न मोडलेला. दोन हट्टी म्हातारे! एकाला ऐकायला माणूस नाही, दुसऱ्याला वाचायला. मला दोघांचीही कीव आली आणि दोघांचाही राग आला. आणि खरं सांगते, जास्त राग गुरुजींचा आला. माझ्या बापाला खोटं पाडतात म्हणजे काय? छापील पाहिजे ना तुम्हाला? देते.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुरावा हुडकणं हे माझं पोटापाण्याचं काम. पहिल्यांदा आमचंच कपाट बघितलं. पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणात इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांना एकच क्रमांक आहे. जगभर भांडण, पण फळीवर दोघं खांद्याला खांदा लावून. आमच्या फळीवर त्या क्रमांकाला एक परीक्षेचं गाईड आणि एक मागचा पुठ्ठा गेलेलं पुस्तक, बस्स. गाईडात विहीर कशाला असेल?

मग गावातल्या जुन्या वाचनालयात गेले. आमच्याकडच्या जुन्या वाचनालयांत पुस्तक शोधायचं तर विषय विचारून भागत नाही, कोण वारलं ते विचारावं लागतं. माणूस गेला की घरचे त्याची पुस्तकं कपाटासकट देतात, कपाटावर पितळी पट्टी ठोकतात, 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ', आणि ती पुस्तकं जन्मभर त्याच कपाटात, त्याच्याच पट्टीखाली. कॅटलॉग जुळवून मी दमले. शेवटी तिथल्या बाईंना विचारलं, "मिलिटरीत जाऊन आलेलं कुणी वारलं आहे का, लिहिणारं-वाचणारं?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि थेट कोपऱ्यातल्या कपाटाशी नेलं. एका डॉक्टरांचं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळाबरोबर तिकडं राहून आलेले.

दार उघडलं आणि मी खालीच बसले. तेव्हा तिथंही ब्रिटिशांचंच राज्य, त्यांनी नेमलेल्या एका आयोगाचा जाडजूड अहवाल. तिथल्या रेल्वेची मार्गदर्शिका. जेरुसलेमला जाणाऱ्या शिपायांसाठीचं माहितीपुस्तक. फळबागांवरचा सरकारी अहवाल. हे सगळं साताऱ्यात, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर! आणि डॉक्टरांना समासात लिहायची सवय. पेन्सिलीनं, बारीक मराठीत. फळबागांच्या पानाशी लिहिलं होतं, 'गाझाकडची संत्री खाल्ली. गोड. साल नागपुरीपेक्षा जाड.' मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. लढाई चालू, समोर जखमी, आणि हा गृहस्थ संत्र्याची साल बघून ठेवतोय. का, तर कधीतरी कुणीतरी विचारील म्हणून.

बाग मिळाली. विहीर राहिली. त्यासाठी कॉम्प्युटरवर बसले आणि बसले ती उठवेना. तिकडच्या ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी काय काय स्कॅन करून ठेवलंय म्हणून सांगू! हिब्रू वर्तमानपत्रं, अरबी वर्तमानपत्रं, एकाच तारखेची एकाच गावातून निघालेली दोन्ही. फोटो. म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातल्या आठवणी. आणि नकाशे. ब्रिटिशांनी आपल्याकडं जशी मोजणी केली तशी तिथंही केलेली. शेतवार, बागवार, विहीरवार. पानावर पान, फुकट, साताऱ्यात माझ्या खुर्चीत. अरबी मला येत नाही, हिब्रू तर त्याहून नाही. मोबाईल पानावर धरला की भाषांतर यायचं, कधी बरं, कधी 'बकरीने नगराध्यक्षांचे आभार मानले' असलं. एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. कुणाचा असेल कोण जाणे. रोज शेकडो पानं पालथी घालणारा, पगारही बेताचा असेल माझ्यासारखाच. मी त्या अंगठ्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग एका नकाशाच्या तुकड्यावर ते सापडलं. आबा सांगायचे ते गाव, ते वळण, आणि वळणाशी इवलंसं वर्तुळ. विहिरीची खूण. पाठीमागं बागेचे ठिपके. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली, वाचनकक्षातली पोरं बघायला लागली.

फाईल बांधली आणि तडक गुरुजींच्या घरी. आबांना मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, आधी गुरुजींचं तोंड बंद करू. गुरुजींनी चहा दिला. भिंगानं पान न्‌ पान बघितलं. नकाशा आला तशी मी दम धरून बसले. त्यांनी भिंग ठेवलं आणि मला विचारलं, "लगतच्या खातेदाराला नोटीस दिलीस का?"

"काय?"

"आमच्या कवठ्याकडं बांधाचं भांडान झालं. आमच्या बानं मोजणी आणली. शेजारचा खातेदार त्या दिवशी बाजारला गेल्याला. त्याला नोटीस न्हाई, तो हजर न्हाई, त्याची सही न्हाई. बानं हद्दीचं दगड रोवलं, गावाला जिलेबी वाटली. मागनं मोजणी रद्द. दगड उपटलं. एकट्यानं मोजल्यालं मोजल्यालं नसतं, पोरी." त्यांनी फाईल माझ्याकडं सरकवली. "ह्यात सगळं तुझ्या बाच्या बाजूचं हाय. पलीकडचा खातेदार कुठाय?"

मला असा संताप आला! चहा तसाच टाकून उठले. म्हटलं, "गुरुजी, विहीर दाखवली तरी तुमचं नाक वरच का?" तर शांतपणे म्हणाले, "विहीर न्हाई मोजत म्या. तू किती बाजूनं बघितलंस ते बघतोय."

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता आबा पेटतील. आबा म्हणाले, "खरं हाय त्याचं."

"आबा! तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही आणि बाजू त्यांचीच घेता?"

"भांडान येगळं, मोजणी येगळी," आबा म्हणाले आणि मला पेपरातली निविदा सूचना परत वाचायला लावली, मी एक ओळ गाळली होती म्हणून.

काय करता? आले परत मूळ पदावर. आता पलीकडचा खातेदार शोधायचा. डॉक्टरांच्याच कपाटातला अहवाल पुन्हा काढला आणि वाचताना खरोखर लाज वाटली नाही, उलट मजा वाटली, की त्याच पानांत किती काय होतं जे मी नुसतं उलटून गेले होते. जेरुसलेमात, हेब्रोनात शेकडो वर्षं राहिलेली ज्यू घराणी. खुद्द गाझातसुद्धा एके काळी राहणारी. युरोपातल्या कत्तलीतून जीव वाचवून आलेल्यांच्या आठवणी स्कॅन करून ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. एका बाईनं लिहिलं होतं, बोटीतून उतरून खोली मिळाल्यावर आधी तिनं दाराला आतून कडी आहे का ते बघितलं. ती ओळ वाचली आणि मी कॉम्प्युटर बंद करून घरी गेले.

आणि मग सांगली. आम्हा ग्रंथपालांचा एक ग्रूप आहे मोबाईलवर. त्यावर विचारलं होतं, कुणाकडं या विषयाचं मराठीत काही आहे का. सांगलीच्या एक बाई म्हणाल्या, या, आहे. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे, भाकरी खाणारे, ते तिकडं जाऊन वसले. आणि तिकडूनही मराठीत अंक काढायचे. त्यांचे काही अंक कुणा वाचकानं त्यांच्या वाचनालयाला दिले होते. एसटीनं कराडमार्गे गेले. वाचनालयात पाय ठेवला तर कपाटांवर गुडघ्याच्या वर मातकट रेघ. पुराची. बाई म्हणाल्या, "खालचा कप्पा गेला असता. आम्ही घरी नेले अंक. पानापानात रद्दी घालायची, पंखा लावायचा, रद्दी बदलायची. माझ्या घरात स्वयंपाक राहिला, पण पंखा बंद झाला नाही." पानं वाळून लाटा लाटा झालेली, पण अक्षर न्‌ अक्षर शाबूत. त्यांच्या नवऱ्याचंही कौतुक करायला पाहिजे, न बोलता वडापाव खाल्ला म्हणे त्यानं.

त्या अंकांत अलिबागकडच्या एका बाईंचा लेख होता. नव्या वस्तीत, दक्षिणेच्या वाळवंटात येऊन राहिल्याच्या पहिल्या वर्षाचा. पिठात वाळू, डोळ्यांत वाळू, शेजारीण बोलते ते कळत नाही, रात्री हद्दीकडून गोळीबार ऐकू आला की पोरं कुशीत शिरतात आणि मी त्यांना आमच्या गावच्या नारळी-पोफळीच्या गोष्टी सांगते, असं बाईंनी लिहिलेलं. फोटो काढून आणले आणि आबांना वाचून दाखवलं.

आबा खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "कवाची गोष्ट ही?"

"तुम्ही तिथं होता साधारण तेव्हाचीच."

"म्हंजे हद्दीच्या चरीवर म्या हिकडनं थंडीला मराठीत शिव्या देत हुतो, आन् पल्याड लांब कुटंतरी एक बाई मराठीत पोरं निजवत हुती?" ते हसले. "पल्याडचं दिवं दिसायचं आमास्नी. ट्रॅक्टर ऐकू यायचा. आमी म्हणायचो, हाय कोणतरी. कोण हाय, कवा इचारलं न्हाई." मग काठी आपटून म्हणाले, "काल आलं, त्यांचं कायबी न्हवतं, असं म्हणलो त्ये चुकलं माझं. बोलीव त्याला. पर म्या बोलीवलं म्हणू नगंस."

मी कागद घेतला आणि अगदी मोजणी खात्याच्या भाषेत नोटीस टाईप केली. 'आपणांस कळविण्यात येते की, रविवारी सकाळी हवालदार यांचे राहते घरी मोजणी करण्यात येणार असून लगतचे खातेदार या नात्याने आपण हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या अनुपस्थितीत पूर्ण करण्यात येईल व मागाहून तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' गुरुजींच्या दारातून आत सरकवली आणि पळाले.

रविवारी आमचा चहा व्हायचा होता तोच गुरुजी हजर. इस्त्रीचं धोतर, टोपी, भिंग. फाटकाशी आले आणि नुसतेच उभे राहिले. ओरडावं की नाही, ठरत नसावं. आत आबांनी चाहूल घेतली. "तायडे, कोण आलंय बघ. नोटिशीवाला का?"

"लगतचा खातेदार," गुरुजी म्हणाले आणि आत आले. आईनं दोघांच्या मध्ये पोह्यांच्या बशा ठेवल्या.

गुरुजींनी वाचायला घेतलं. काय वाचतात हो! सांगलीचा लेख वाचताना अलिबागच्या बाईंच्या आवाजात जातात, अहवाल वाचताना साहेबाच्या. डॉक्टरांची संत्री आली तशी आबा म्हणाले, "सालीचं बराबर हाय. जाडच." बोटीतून उतरलेल्या बाईची कडी आली तेव्हा आबांनी ती ओळ परत वाचायला लावली. वाद दोनदा झाला, पण तो रोजच्यासारखा. आई स्वयंपाकघरातून मला खूण करत होती, बरं चाललंय का? मी मान हलवली.

मग मी लॅपटॉपवर नकाशा लावला. गुरुजींनी भिंग घेतलं. नकाशा आबांना दिसणार नव्हता, म्हणून गुरुजी तोही वाचायला लागले. "गाव हाय. गावातनं रस्ता निघालाय, दक्षिणेला. एक ओढा हाय, कोरडा असल..."

"कोरडाच," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. खरं तर मिटायची गरज नव्हती. "वड्याच्या म्होरं चढ. चढाला उजव्या हाताला मशिदीचा पडका मनोरा."

गुरुजींनी भिंग सरकवलं. "हाय. छापलंय."

"मग वळण. वळणावर डाव्या अंगाला विहीर. रुंद तोंडाची."

गुरुजींचं भिंग एका जागी थांबलं. मी काही सांगायला जाणार होते, आईनं दाराआडून हातानं गप बस म्हटलं.

"हवालदार," गुरुजी म्हणाले, "विहीर हाय."

आबांनी खिशातून रुमाल काढला आणि मिशी पुसली, पोहे नव्हते मिशीला तरीसुद्धा. गुरुजी म्हणाले, "म्या तुमच्या डोळ्याला बोललो. चुकलं माझं." आबा म्हणाले, "जाऊ द्या, मर्दा. म्या बी लय पुढं गेलो." मला वाटलं, संपलं. सुटले बाई एकदाची. मी लॅपटॉप मिटायला लागले.

"थांब," आबा म्हणाले. "आता काय हाय तितं? मोबाईलवर दिसतं म्हणं वरनं. लाव की."

मला माहीत होतं काय दिसणार ते. मी आदल्या दिवशी बघितलं होतं. म्हटलं, "आबा, नेट नाही नीट." गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं. पण आबांनाही कळलं. "वगळायचं न्हाई," आबा म्हणाले. मग उपग्रहानं वरून काढलेला फोटो लावला.

गुरुजींनी बघितलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. आणि वाचायला लागले, निविदा सूचना वाचतात तशा आवाजात, एकही शब्द न गाळता. "रस्ता हाय, निम्मा. चढ कळत न्हाई. मनोरा न्हाई. वळण असावं, खात्री न्हाई. बाग न्हाई. विहीर न्हाई. घरं न्हाईत. सगळं राखाडी हाय."

"आन् चरीच्या पल्याड?"

"पल्याड घरं दिसत्यात. आत माणसं उरल्यात का न्हाई, ते वरनं कळत न्हाई."

आबांनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "म्हंजे तो मेसेजवालाच खरा ठरला म्हणायचा," ते म्हणाले. "माणूस न्हाई, झाड न्हाई, विहीर न्हाई."

"नाही," गुरुजी एकदम म्हणाले. शुद्ध. मी दचकले. "मुळीच नाही. असं अजिबात होऊ द्यायचं नाही. पोरी, कागद घे. हवालदार, तुम्ही सांगा. रस्ता, चढ, विहीर, ती म्हातारी, पल्याडचे दिवे, सगळं. ही लिहून घेईल. खाली मी सही करतो, लगतचा खातेदार म्हणून. वाचनालयात डॉक्टरांच्या कपाटात ठेवू."

"तुमास्नी तर छापील लागतं," आबा म्हणाले. अशातही चिडवायचं काही सोडलं नाही.

"छापू की. सांगा तर आधी."

मी कागद घेतला. आबा अवघडले. जन्मभर सांगत आले, पण लिहून घ्यायला कुणी बसलं नव्हतं. काठी इकडची तिकडं केली, घसा खाकरला, म्हणाले, "कुटनं सुरू करू?"

"वळणापासनं करा," गुरुजी म्हणाले. "विहीर डाव्या हाताला हाय. म्या बघितलीया."